हळदीचं गाणं, साठ हजार स्ट्रीम आणि आजी

रबाळ्याला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, हळदीची गाणी, देवीची गाणी, बॅन्जो पार्टीवाल्यांचे ट्रॅक असलं काम जास्त. गेल्या मंगळवारी घणसोली गावातला एक पोरगा सकाळीच दारात उभा, रात्रभर झोपला नव्हता हे तोंडावरच दिसत होतं. बोलला, "दादा, गाणं उडालं."

त्याचं पहिलंच हळदीचं गाणं, दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडेच केलेलं. डिस्ट्रिब्युटरने, म्हणजे जो गाणं ॲपवर चढवतो त्याने, सगळ्या म्युझिक ॲपवरून काढून टाकलं, मेलमध्ये कारण आर्टिफिशियल स्ट्रीमिंग, म्हणजे खोटे स्ट्रीम. प्रमोशन कोणाला दिलेलंस विचारलं तर आधी काही बोलेना, मग कळलं की इन्स्टावर कोणीतरी १५ हजारात "५० हजार स्ट्रीम गॅरंटी" दिली आणि याने बाईकच्या हप्त्याचे पैसे त्याला दिले.

लॅपटॉपवर स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स उघडलं, तिथे गायकाला आपल्या गाण्याचे आकडे दिसतात. स्ट्रीम ६० हजारच्या वर आणि ऐकणारे ४१२, म्हणजे एकेकाने जवळपास दीडशे वेळा ऐकलं. सेव्ह फक्त ६. शहरांच्या यादीत सगळ्यात वर हेलसिंकी, आपली मुंबई पार खाली. पोरगा स्क्रीनकडे बघतच राहिला. त्या गॅरंटीवाल्याचा मला जो राग आला ना, तो अजून गेलेला नाही, कारण अशी पोरं मी दर सीझनला बघतो.

त्यांची भीती खोटी नाहीये. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नसतील तर स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसेच देत नाही, म्हणून पोरं आकडा विकत घ्यायला धावतात. पण त्याच वर्षापासून उघड खोटे स्ट्रीम सापडले की दंड लेबल आणि डिस्ट्रिब्युटरवर बसतो, मग तो कशाला विचारत बसेल, सरळ गाणं काढतो. आणि स्पॉटिफायच्या स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये पैसे देऊन जाता येत नाही, तिथे गाणं फुकटात पाठवता येतं, फक्त रिलीजच्या निदान ७ दिवस आधी पाठवा सांगतात. आमच्याकडे गुरुवारी मिक्स नेतात आणि शुक्रवारी हळदीत वाजवायचं असतं, तेव्हा ते सात दिवस कोणीच थांबत नाही. मीही कधी अडवलं नाही, ते मला आता लागतंय.

यूट्यूबवर मात्र गाणं शाबूत होतं. व्ह्यू जेमतेम २,३००, पण कमेंट उरण, पनवेल, दिव्याच्या. यूट्यूबच्या स्टुडिओ ॲपमध्ये लोक कुठपर्यंत बघतात त्याची रेघ असते, ती सुरुवातीला खाली येते तशी याचीही आलेली, पण दुसऱ्या कडव्याआधी एकदम वर चढली होती. म्हणजे लोक मागे जाऊन तेवढंच परत ऐकत होते. तिथे त्याची आजी आहे. ती गावातली धवलारीण, लग्नात धवले गाते, तिच्या चार ओळी आम्ही नुसत्या घेऊन ठेवल्या होत्या, खाली काही वाजवलं नाही, एका ठिकाणी तिच्या बांगड्यांचा आवाजपण आलाय.

चहा येईपर्यंत तेवढेच ३५ सेकंद कापले आणि त्याच्याच फोनवरून रील टाकली. संध्याकाळी उरणच्या एका ताईंची कमेंट आली, पूर्ण धवला टाका ना.

रात्री त्याने आजीला विचारलं. ती बोलली, अर्ध्या तासाचा हाय, येवरा कोन आयकनार.

रविवारी तिला बोलावलंय. पंखा बंद ठेवणार आणि अर्धा तास पूर्ण घेणार, बांगड्यांसकट.