पन्नास शेंगदाणे

मे महिन्यात सोलापुरात रात्री दहाच्या आधी ओट्यावर कुणी टेकत नाही, फरशीच चटका देते. दहा वाजले की समोरचे अण्णा बादलीभर पाणी ओतून ओटा निववतात, वर जुनी चादर अंथरतात आणि मला हाक मारतात, "येलालास का बे?" बुद्धिबळाचा पट उघडतो. त्यातला एक पांढरा उंट कधीचाच हरवलाय. त्याच्या जागी मागावरच्या तुटक्या कांडीचं टोक उभं असतं, आणि पांढरी मोहरी नेहमी माझ्याच वाट्याला.

अण्णांची हयात यंत्रमागावर गेली. उंट त्यांना मुळातच आवडत नाहीत. "जन्मभर उभा ताणा, आडवा बाणा. हे तिरकं चालणं आपल्याला झेपत नाय." त्यामुळे संधी मिळेल तिथं ते आपला उंट देऊन माझा घोडा घेतात, आणि डाव उतरला की माझ्याकडं दोन उंट आणि त्यांच्याकडं एक घोडा, असं चित्र हमखास उरतं. परवाही तेच झालं. माझं शेवटचं प्यादं त्यांच्या राजानं खाल्लं आणि पटावर पाच मोहरी राहिली.

"बरोबरी?" अण्णांनी विचारलं.

"छे!"

त्यांनी आतून शेंगदाण्यांची वाटी आणली. पन्नास दाणे मोजले, उरलेले परत डब्यात टाकले. कुणाचं काही न मारता आणि प्यादं न हलवता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या की डाव बरोबरीत, हा नियम. एक चाल झाली की अण्णा एक दाणा खाणार. घड्याळापेक्षा हे वाईट. समोरचा माणूस आपला वेळ चावून खातोय हे ऐकू येतं.

उंटाच्या बाबतीत जगाचं एकमत नाही. इंग्रजांनी त्याला धर्मगुरू केलं, रशियन त्याला हत्ती म्हणतात, फ्रेंच तर चक्क वेडा. आपण त्याला उंटच ठेवलं आणि शहाणा वर बसवला. तोही आमच्या ओट्यावर हजर असतो. सुपारी कातरत बसतो, स्वतः कधी खेळत नाही, आणि दर दोन मिनिटांनी म्हणतो, "शह दे की!" या डावात त्याचं ऐकणं म्हणजे घात. शह देत सुटलं की समोरचा राजा मजेत फिरायला निघतो. इथं शह नाही द्यायचा, घरं काढून घ्यायची. एकट्या उंटाला निम्मा पट जन्मभर दिसत नाही. पण दोघे शेजारी उभे राहिले की लगतच्या दोन तिरप्या ओळींची भिंत होते, आणि ती भिंत हळूहळू पुढं ढकलायची.

ढकलत ढकलत अण्णांना कोपऱ्यात नेलं, आणि त्यांनी घोडा नेमका बी-सातवर बसवला. कोपऱ्याला तिरपं लागून असलेलं आतलं घर. राजा त्याला चिकटून. इथंच घोडं पेंड खातं, आणि हे मी अक्षरशः म्हणतोय. क्लिंग आणि हॉरविट्झ या बुद्धिबळ-अभ्यासकांच्या जोडीनं १८५१ सालीच सांगून ठेवलं होतं की घोडा असा बसला तर दोन उंटांचं काही चालत नाही. पुढं एकशेतीसेक वर्षं जगानं ते मानलं. मग १९८३ मध्ये केन थॉम्प्सननं, म्हणजे ज्यानं युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली त्यानंच, संगणकाकडून या डावाच्या साऱ्या शक्यता तपासून घेतल्या. किरकोळ अपवाद सोडले तर उंटच जिंकतात, असं निघालं. फक्त घोडा हाती लागायला कधीकधी सहासष्ट चाली लागतात.

आणि वाटीत दाणे पन्नास. मध्यंतरी या डावाला जास्त चालींची सवलत होती, १९९२ मध्ये तीही गेली.

हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग संगणकाला बसव की इथं."

बुद्धिबळात 'पास' म्हणायची सोय नाही, एवढाच माझा आधार. बी-सातवरचा घोडा कितीही सुखात असला तरी आपली पाळी आली की काहीतरी हलवावंच लागतं. मी उंट नुसते इकडचे तिकडे करत राहिलो. वाटीत सव्वीस दाणे असताना अण्णांच्या राजाला सरकायला बरं घर उरलं नाही आणि घोडा उठला. मला वाटलं, संपलं. पण गडी राजाला घेऊन पट ओलांडून थेट जी-सातकडं, म्हणजे पलीकडच्या कोपऱ्याजवळच्या तशाच घराकडं निघाला. नवं बिऱ्हाड! तिथं पोचू दिलं नाही, पण त्या पाठलागात सोळा दाणे गेले. शहाण्याची सुपारीही संपली.

शेवटी घोडा काठावर सापडला. त्याच ओळीत मधे दोन घरं मोकळी सोडून मी कांडी उभी केली. काठावरच्या घोड्याला चारच घरं असतात, ती चारही एकट्या कांडीनं धरली. घोडा जागच्या जागी खिळला. त्यांचा राजा लांब. मी दुसरा उंट आणून घोड्यावर रोखला आणि पाठ टेकली.

अण्णांनी राजा एक घर सरकवला. वाटीतून शेवटचा दाणा उचलला, अंगठ्यानं त्याचं साल काढलं, फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

"अण्णा, पुढच्या चालीत घोडा पडतोय."

"पडतोय की. दाणे कुठायत?"

दुसऱ्या दिवशी मी पाव किलो शेंगदाणे घेऊन गेलो. त्यांनी पन्नास मोजून घेतले, बाकीचे पुडीत बांधून परत दिले.