एकाच संध्याकाळी दोनदा ब्राम्स

आधी जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स यांचा डी मायनर या स्वरसप्तकातला पहिला पियानो कंचेर्टो (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि मध्यंतरानंतर त्यांचीच पहिली सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना), असा कार्यक्रम नुकताच ऐकला. दोन्ही रचना पाऊण तासाच्या घरात जाणाऱ्या, त्यामुळे श्रोत्याची कसोटी लागते; तरीही ही जोडी मला योग्य वाटली, कारण हा कंचेर्टो म्हणजे एका परीने अर्ध्यावर सुटलेली सिंफनीच आहे.

फेब्रुवारी १८५४ मध्ये ब्राम्स यांचे पाठीराखे संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी जीव देण्यासाठी ऱ्हाइन नदीत उडी घेतली, तेव्हा ब्राम्स वीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी दोन पियानोंसाठी लिहायला घेतलेला सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना) आधी सिंफनीकडे वळला आणि तेही साधेना, तेव्हा त्यातून कंचेर्टो घडला. जानेवारी १८५९ मध्ये हॅनोव्हरनंतर लाइपझिगला त्याचा प्रयोग झाला, पियानोवर स्वतः ब्राम्स होते, आणि तिथल्या श्रोत्यांनी त्याची चक्क हुर्यो उडवली. त्या श्रोत्यांचा मला फारसा राग येत नाही. वादकाच्या बोटांची करामत पाहायला आलेल्या माणसाला तीन-चार मिनिटे नुसता वाद्यवृंदच ऐकावा लागतो, आणि मग पियानो येतो तोही हळुवारपणे.

कंचेर्टोच्या सुरुवातीला टिंपनी (नगाऱ्यासारखे वाद्य) ‘डी’ हा एकच स्वर घुमवत राहते. तानपुऱ्याच्या षड्जावर विसावणारा आपला कान इथे मात्र फसतो, कारण त्या स्वरावर व्हायोलिने बी फ्लॅट मेजर या वेगळ्याच सप्तकाची सुरावट उभी करतात आणि घर, म्हणजे रचनेचा मूळ आधारस्वर, नेमके कोणते, हे चटकन कळत नाही. सिंफनीतही टिंपनीच एक स्वर, या वेळी ‘सी’, ठोकत राहते. पण त्यावर तंतुवाद्ये वर चढतात, सुषिर वाद्ये खाली उतरतात, आणि हा ताण पूर्णपणे रचनाकाराच्या मुठीत असल्याचे जाणवते. मधल्या काळात ब्राम्स त्रेचाळीस वर्षांचे झाले होते. सिंफनी वाजली ती १८७६ मध्ये, कार्ल्सरूह येथे.

तिचे मधले दोन भाग त्या संध्याकाळी जरा घाईने उरकल्यासारखे वाटले. शेवटचा भाग मात्र उत्तम जमला. पहिल्या तीन भागांत ट्रॉम्बोन या पितळी सुषिर वाद्याच्या वादकांना काहीच काम नसते. चौथ्या भागात हॉर्नची ती प्रशस्त सुरावट येऊन गेल्यावर त्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाव मिळतो, आणि तोही एका संथ, प्रार्थनेसारख्या चालीसाठी. इतका वेळ गप्प बसून पहिलाच स्वर इतक्या मृदूपणे लावणे किती अवघड असेल, या विचाराने टाळ्यांच्या वेळी माझे लक्ष इतर वादकांपेक्षा मागच्या रांगेतल्या त्या तिघांकडेच अधिक होते.