माझी रात्र सकाळी नऊला होते

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात सध्या कुठल्याही गच्चीवर चढा, क्रेन दिसतेच. म्हाडाच्या जुन्या इमारती पडताहेत, तिथे टॉवर उभे राहताहेत. आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोरच एका टॉवरच्या पायाचं काम चाललंय. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. उद्या आमचीही इमारत त्याच वाटेने जाणार आणि मलाही मोठं स्वयंपाकघर हवंच आहे. अडचण एवढीच, की मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, सारखी नाइट लागते, आणि माझी रात्र सकाळी नऊला होते.

कायद्याची रात्र वेगळी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री वस्तीत बांधकामाची कर्कश यंत्रं चालवायला बंदी. नियम चांगलाच आहे, त्याच्यामुळे माझा मुलगा आणि सासूबाई शांत झोपतात. पण जेवढं म्हणून फोडायचं, खणायचं, कापायचं ते सगळं मग दिवसात कोंबलं जातं. म्हणजे नेमकं माझ्या झोपेत.

एकदा खिडकी बंद करून मोबाइलवरच्या ॲपने मोजलं, तर आकडा पंचाहत्तरच्या आसपास नाचत होता. मोबाइलचं मोजमाप काही कोर्टात चालणार नाही, पण अंदाज येतो. आणि डेसिबलचं गणित फसवं असतं. दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे 55 आणि 75 मध्ये दिसायला वीसचाच फरक, प्रत्यक्षात शंभरपट.

"सवय होते गं," असं मला सगळे सांगतात. मनाला होत असेल. शरीराला पूर्ण होत नाही. डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. मोठा आवाज आला की झोपेतही मेंदू सावध होतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, नाडी चढते. जाग येवो न येवो. हे वर्षानुवर्षं चाललं की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये पश्चिम युरोपचा हिशेब मांडला होता: नुसत्या वाहतुकीच्या आवाजापायी दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षं वाया जातात. आपल्या एलबीएस रोडचा हिशेब कुणी मांडायचा?

आमचं आयसीयू तरी कुठे शांत असतं म्हणा! मॉनिटर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, प्रत्येकाचा अलार्म वेगळा. वॉर्डात रात्री 30 डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, असं त्याच संघटनेचं मार्गदर्शन आहे. वाचून हसू येतं. अलार्म इतके वाजतात की नव्या सिस्टरना ते ऐकूच येईनासे होतात, आणि जुन्यांना घरीही ऐकू येतात. मी एकदा कुकरच्या शिट्टीला दचकून उठले आणि सासूबाईंना विचारलं, "कुठला बेड?" तेव्हापासून त्या डाळ-भाताचा कुकर मी यायच्या आत लावून टाकतात. मी काही बोलले नव्हते.

बाकी आवाजांपुढे सासूबाई तरी काय करणार? पाववाल्याच्या सायकलचा भोंगा मला चालतो, तो पॉं-पॉं करून पुढे जातो. भंगारवाल्याची रेकॉर्ड मात्र आमच्याच गेटपाशी रेंगाळते. आणि काँक्रीटचा मिक्सर मागे घेताना वाजणारी पीं-पीं! ती थांबली असं वाटून कूस बदलावी, की परत सुरू.

डेसिबलइतकंच हे "कधी थांबणार माहीत नाही" त्रास देतं, असं माझं ठाम मत झालंय. आणि ते माझ्या एकटीचं नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी काही प्रयोग केले. लोकांना अवेळी, अनियमित आवाज ऐकवले. काहींच्या हाताशी बटण दिलं, वाटलं तर आवाज बंद करा, पण शक्यतो दाबू नका म्हणून सांगितलं. बहुतेकांनी दाबलंच नाही. तरी ज्यांच्यापाशी बटण होतं ते नंतरच्या अवघड कोड्यांत जास्त चिकाटीने टिकले. आवाज तोच होता.

मला बटण कोण देणार? मी साइटवर गेले. सुपरवायझर सोलापूरकडचा निघाला. "ताई, मशीन बंद नाही करू शकत, मला वरून शिव्या पडतील." म्हटलं, बंद नका करू, फक्त आधी सांगा. आता रात्री व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज येतो: "उद्या ब्रेकर 9 ते 1, नंतर लोखंड." मग मी मुलाचा डबा, बँकेचं काम उरकून एकला झोपते. कधी त्याचा अंदाज चुकतो. पण आता मी त्या आवाजाची वाट बघत पडून राहत नाही. तिथे गेल्यावर ब्रेकर चालवणारा पोरगाही दिसला, कानांवरून फक्त रुमाल बांधलेला. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा 90 डेसिबल आहे. हा तर यंत्राला छाती टेकूनच उभा. सुपरवायझरला त्याच्यासाठी इअरमफ मागितले, तर "सांगतो वर" म्हणाला. अजून आलेले नाहीत.

गणपतीतल्या ढोल-ताशांबद्दल विचाराल, तर माझ्यापुरतं मला ते सोसतात, कारण तारीख कॅलेंडरवर असते आणि ड्युटी बदलून घेता येते. शेजारच्या इमारतीतल्या बायपास झालेल्या काकांना ती सोय नाही, म्हणून डीजेला माझा विरोध कायम.

परवा आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची मीटिंग झाली. सगळे कार्पेट एरियावर भांडत होते. मी म्हटलं, करारात एक ओळ घाला: आसपासच्या इमारतींना मोठ्या आवाजाच्या कामाचं वेळापत्रक आदल्या दिवशी मिळेल. चेअरमन म्हणाले, "सिस्टर, दिवसा झोपणारे असे किती आहेत?" मग मीच दारोदार फिरून यादी केली: एअरपोर्टवर लोडर, दोन वॉचमन, ऐरोलीच्या कॉल सेंटरमधली मुलगी, पहाटे तीनला उठणारे पेपरवाले, आणि एक तान्हं बाळ. बाळाचं नाव चेअरमननी खोडलं, मी परत लिहिलं. यादी सध्या सेक्रेटरींकडे आहे.