छोट्या जाहिराती कुठे गेल्या?

सदाशिव पेठेत आमची जाहिरात एजन्सी होती. एजन्सी म्हणजे एक टेबल, वर्तमानपत्रांची दरपत्रकं आणि मजकूर छाटणारे माझे काका. छोट्या जाहिरातीला शब्दागणिक पैसे. ‘कोथरूड. दोन खोल्या. पाणी भरपूर. एजंट क्षमस्व.’ गिऱ्हाईक ‘भरपूर’ काढायला तयार व्हायचं. ‘क्षमस्व’ काढायला कधीच नाही!

२००४ साली अमेरिकेत सीबीएस या टीव्ही वाहिनीनं अध्यक्ष बुश यांच्या लष्करी नोकरीबद्दलची कागदपत्रं दाखवली. ही अक्षरं सत्तरच्या दशकातल्या टाइपरायटरची नसून कॉम्प्युटरची दिसतात, म्हणजे कागद बनावट असावेत, असं ब्लॉगवाल्यांनी लिहिलं आणि दोन आठवड्यांच्या आत सीबीएसला माफी मागावी लागली. मग आपल्याकडेही चर्चा रंगल्या: ब्लॉगमुळे पत्रकारिता संपणार का? सगळ्यांचं लक्ष पहिल्या पानाकडे. आम्ही पोट भरत होतो आतल्या पानांवर, आणि उंदीर तिथे लागला होता.

क्रेग न्यूमार्कनं सॅन फ्रान्सिस्कोत १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्रेगलिस्ट’ या इंटरनेटवरच्या यादीतून तिकडच्या छोट्या जाहिराती फुकट होऊ लागल्या. इकडे लग्नं, नोकऱ्या, जागा एकेक करून वेबसाइटवर गेल्या. पण माझ्या मते खरा घाव २००३ चा. गूगलनं वेबसाइटवर जाहिराती लावून देणारी अॅडसेन्स ही सेवा आणली आणि घरी बसून लिहिणाऱ्याच्या पानावरही जाहिरात लागू लागली. जाहिरातदाराला वर्तमानपत्र नको, एजन्सी तर त्याहून नको. बातमीतली चूक काढणाऱ्या ब्लॉगपेक्षा लोणच्याच्या पाककृती लिहिणारा ब्लॉग वर्तमानपत्राला महाग पडला, असं मी म्हटलं की पत्रकार मित्र चिडतात.

तुळशीबागेतला आमचा एक जुना व्यापारी दिवाळीला न चुकता वर्तमानपत्रात चौकटीतली जाहिरात द्यायचा. आता तो खरेदीवर लिहिणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या मुलींना दुकानात बोलावतो. त्या येतात, साड्या उलगडतात, कौतुक करतात. छान लिहितात, खोटं कशाला बोलू. पण चौकट बघून वाचकाला कळायचं की हे पैसे देऊन छापलंय. इथे चौकटच नाही. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये नियम केला, की पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर तसं स्पष्ट सांगायचं.

मी हल्ली अशाच लिहिणाऱ्यांची कामं बघतो. कमिशन पूर्वीचंच, पंधरा टक्के. ‘जाहिरात’ असं वर लिहायला निम्मे जण कुरकुरतात, वाचक पळतो म्हणतात. पळू दे. ते लिहिल्याशिवाय मी बिल करत नाही.