हाऊसकीपिंगची तीस वर्षं आणि मधली केमो

१९९२ ला मी अंधेरीच्या एका फाइव्ह स्टारमध्ये रूम अटेंडंट म्हणून लागले. तेव्हा या कामात मुली फार नसायच्या आणि डोंबिवलीला आमच्या चाळीत 'हॉटेलात कामाला आहे' म्हटलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. मग सुपरवायझर, लिनन रूम (चादरी-टॉवेलांचा विभाग), असिस्टंट करत करत एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर झाले. एका शिफ्टला चौदा-पंधरा रूम, प्रत्येक रूममध्ये गादीचा कोपरा उचलायचा, चादर ताणून खोचायची, चेकआउट असेल तर सगळंच पहिल्यापासून. हाताचं काम आहे हो हे, डोक्याचं नंतर.

२०२२ च्या पावसाळ्यात उजव्या छातीत गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी पटापट झालं, रिपोर्ट ब्रेस्ट कॅन्सरचा, हार्मोनवर वाढणारा प्रकार (हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह), आणि काखेतल्या गाठींतही थोडं गेलेलं. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात फाइल काढली. तिथे पहिल्या दिवशी विचारतात जनरल की प्रायव्हेट, मग एक स्मार्ट कार्ड मिळतं, त्यात पैसे भरायचे आणि प्रत्येक तपासणीचे त्यातूनच कटतात. दर वेळी बिलाच्या लायनीत उभं राहायला नको, पण कार्डात किती उरलेत ते सकाळीच बघून ठेवायचं, नाहीतर रक्त द्यायच्या खिडकीवरून परत फिरावं लागतं. गर्दी म्हणाल तर आमच्या लग्नसराईतल्या लॉबीच्या दसपट. तरी कॉरिडॉर पुसलेला असायचा आणि मॉप कधी बदलतायत याकडेच माझं लक्ष, हे म्हणाले, अगं डॉक्टर नाव पुकारतायत तुझं.

जाऊबाईंचं म्हणणं पडलं की आता सोड नोकरी, पुष्कळ केलंस. प्रेमानेच म्हणाल्या, पण ऐकलं नाही ते बरं झालं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आणि एकदा कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की नवीन पॉलिसी मिळणं फार कठीण. आधी सिक लीव्ह, मग साठलेली पीएल म्हणजे हक्काची रजा, मग बिनपगारी, पण राजीनामा नाही. आणि पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा किती आहे ते अॅडमिट व्हायच्या आधी बघा, कारण बऱ्याच पॉलिसींत त्याहून महागडी रूम घेतली की नुसतं रूमचं भाडं नाही, ऑपरेशनच्या बिलातसुद्धा त्याच हिशोबात कपात होते.

ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या आणि जखमेतलं पाणी नळीने जमा होतं ती ड्रेनची बाटली घेऊन घरी. ही बाटली कुठे ठेवायची हे कुणी सांगत नाही, पदरात लपवायची तर ओढ बसते. आमच्या लिनन रूमच्या टेलरने कंडेम्ड म्हणजे वापरातून काढलेल्या उशीच्या अभ्र्यांतून खांद्याला अडकवायच्या पिशव्या शिवून पाठवल्या, एरवी त्या कापडाचे डस्टर होतात. ड्रेसिंगला गेले तर शेजारच्या बायका विचारायला लागल्या कुठे मिळते, मग त्याला अजून शिवायला सांगितल्या. शिफ्ट संपल्यावर बसून शिवायचा तो.

केमोत आधी एसी म्हणजे दोन औषधांची जोडी, दर एकवीस दिवसांनी, त्यातलं एक औषध लालभडक, लघवीसुद्धा लाल होते, घाबरायचं नाही. उलट्यांवर गोळ्या असतात, वासावर काही नाही. आमच्याकडे केमिकल्सना आर-वन, आर-टू अशी नावं, त्यातलं आर-फाइव्ह म्हणजे रूम फ्रेशनर. तीस वर्षं तो वास माझ्या कपड्यांना होता. टीममधली दोघं भेटायला आली आणि त्यांच्या युनिफॉर्मचा वास आला तशी मी उठून बाथरूममध्ये. बिचारी पुढच्या वेळी घरून कपडे बदलून आली.

मग पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला. यात उलट्या कमी, पण बोटांना मुंग्या आणि बधिरपणा, ब्लाउजची हुकं लावता येईनात. आणि आमची रूम चेक करायची पद्धत म्हणजे दाराच्या चौकटीवरून, फोटोफ्रेमच्या वरून बोट फिरवायचं! शेवटी रेडिएशन, पेशंट लोक शेक म्हणतात, सोमवार ते शुक्रवार तीन आठवडे, त्या जागेला साबण-डिओ काही नाही.

परत रुजू झाले तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज यायचा धोका कायमचा असतो, म्हणून त्या हातात बीपी नाही, सुई नाही, एकदम जड उचलायचं नाही, भाजलं-कापलं की लगेच बघायचं. फिजिओवाली भिंतीवर बोटांनी वर चढायचा व्यायाम देते, तो कंटाळा आला तरी सोडू नका, खांदा आखडला तर केस विंचरणंही होत नाही. मी जीएमना, म्हणजे जनरल मॅनेजरना, सरळ सांगितलं की गादी उचलून दाखवणं यापुढे जमणार नाही, शिकवणं जमेल. त्यांनी जनरल शिफ्ट आणि नव्या मुलांचं ट्रेनिंग दिलं. धूळ आता टॉर्च आणि पांढऱ्या फडक्याने बघते, मुलं हसतात, पण बोटापेक्षा जास्त सापडते.

अजून लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी, गोळी चालू आहे, सकाळी सांधे धरलेले असतात, गोळीबरोबर कॅल्शियम आणि हाडांची तपासणीही आली.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. माझ्याकडे मेडिक्लेम होता, पण ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे त्या अटेंडंट, स्टुअर्डिंगवाल्या (किचनची भांडी-सफाई करणाऱ्या) मुलामुलींचा ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापला जातो आणि त्यांना फक्त डॉक्टर फुकट एवढंच माहीत असतं. कॅन्सरसारख्या आजारात त्यात एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट मिळतो, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. अट अशी की विम्यात येऊन दोन वर्षं झालेली हवीत आणि तेवढ्या काळात किमान १५६ दिवसांचं काँट्रिब्यूशन भरलेलं हवं. कॉन्ट्रॅक्टर बदलला की नवा विमा नंबर काढू देऊ नका, जुनाच चालू ठेवायला लावा, नाहीतर हे दिवस जुळवताना नाकी नऊ येतात. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी हे केमिकल्सच्या आधी सांगते.