पत्र्याखालचा उकाडा मोजायचा कसा

उन्हाळ्यात शहरातली किती माणसे दगावली, असे विचारले की दोन आकडे पुढे येतात. एक वेधशाळेतले कमाल तापमान, दुसरा उष्माघाताच्या बळींचा. या दोन आकड्यांवर विसंबले तर शहरातला बराचसा उन्हाळा मोजायचाच राहून जातो.

वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या जागी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. हवामानाच्या नोंदीसाठी तेच योग्य. पण धारावीत पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्याच्या वाट्याला ती हवा येतच नाही. त्याचे काय होते ते कळायला उपकरणे त्या माळ्यावरच न्यायला हवीत.

तिथे तीन तापमाने घ्यायची: साधे म्हणजे हवेचे, ओले म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचे, आणि काळ्या गोळ्याचे. काळा गोळा म्हणजे १५ सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा पोकळ गोळा, बाहेरून चकाकी नसलेला काळा रंग, आत मधोमध तापमापक. तापलेला पत्रा अंगावर जी धग सोडतो ती हा गोळा पकडतो. तो स्थिरावायला २० ते २५ मिनिटे लागतात. घाईत घेतलेले वाचन फेकून द्यावे. टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवूनही काम भागते आणि तो लवकर स्थिरावतो, पण वारा असेल तर धग कमी दाखवतो. पंख्याखाली तो टांगू नये.

खरी गडबड होते ती ओल्या तापमापकात. त्याच्या फुग्यावर मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक खालच्या बाटलीत सोडायचे. नव्या कापडाला खळ असते, म्हणून ते आधी उकळून घ्यायचे, नाहीतर पाणी वर चढत नाही. पाणी बॅटरीत घालतात ते, डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातला क्षार पट्टीवर साचतो, ती कडक होते, आणि अर्धवट सुकलेला तापमापक खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. शिवाय आर्द्रता काढण्यासाठी जोडतापमापक गरगर फिरवतात, तसा हा फिरवायचा नाही. खोलीत जेवढा वारा आहे तेवढ्यातच तो राहू द्यायचा, कारण त्या माणसाचा घामही तेवढ्याच वाऱ्यावर वाळणार असतो.

मग या तिन्हींवरून अंगावरच्या उष्णतेच्या भाराचा एकच आकडा काढायचा. हिशेब सोपा आहे. घरात किंवा सावलीत ओल्या तापमानाचे ०.७ आणि गोळ्याचे ०.३ घेऊन बेरीज करायची. उन्हात ओल्याचे ०.७, गोळ्याचे ०.२ आणि साध्याचे ०.१. नमुन्यादाखल मुंबईतली एक खोली धरू: हवा ३४ अंश, ओले २८, गोळा ३८. उत्तर ३१. नागपुरातल्या खोलीत हवा ४४, ओले २४, गोळा ४६ असेल तर उत्तर ३०.६. हवेत तब्बल दहा अंशांचा फरक, आणि अंगावरचा भार जवळपास सारखाच! मुंबईकराचा घाम वाळत नाही, हे त्याचे कारण. म्हणूनच ३४ अंशांच्या दिवशी ‘एवढे काही ऊन नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

उपकरण अंथरुणाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावे. चूल आणि फ्रीजची मागची बाजू टाळावी. दर १५ मिनिटांनी नोंद, आणि ती रात्रभर. शरीर सावरते ते रात्री. पहाटेपर्यंत खोली निवली नाही तर दुसरा दिवस आदल्या दिवसाच्या थकव्यावरच सुरू होतो.

आता मृत्यू. दाखल्यावर ‘उष्माघात’ क्वचितच लिहिले जाते. हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे, मधुमेह असे काहीबाही असते, आणि तेही खोटे नसते. त्यामुळे कारण बाजूला ठेवून सगळेच मृत्यू मोजायचे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. अभ्यासकांनी त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची तुलना २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्या धक्क्यातूनच २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला.

आपल्या वॉर्डासाठी हेच करता येते, पण नोंदवहीशी फार जपून वागावे लागते. मृत्यूची तारीख घ्यायची, नोंदणीची नव्हे. नोंदणी कित्येक दिवसांनी होते आणि उष्ण लाटेचा कळस भलत्याच आठवड्यात दिसतो. पत्ता राहण्याचा घ्यायचा, रुग्णालयाचा नव्हे. नाहीतर मोठे रुग्णालय असलेला वॉर्ड उगीच बदनाम होतो. तुलनेच्या वर्षांतून २०२० आणि २०२१ वगळायची, कारण कोविडमुळे सरासरी फुगते आणि उन्हाळ्याचे बळी तिच्यात लपून जातात. एका वॉर्डात रोजचे मृत्यू मोजकेच असतात, म्हणून तीन-चार उन्हाळे एकत्र धरल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आणि उष्ण दिवसापाशीच थांबायचे नाही, पुढचे तीन-चार दिवसही मोजायचे: पत्रा निवला, तरी आजारी माणूस कधीकधी त्यानंतर जातो.