एव्होचं इंजिन रस्त्यासाठी बांधताना

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा माझी मित्सुबिशी लान्सर एव्होल्यूशन, म्हणजे एव्हो, थर्डमध्ये होती, पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला, 2500 आरपीएमच्या आसपास, आणि खालून टक टक टक. आधी वाटलं टॅपेट असेल, कारण या गाडीच्या 4जी63 इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने भरून काढणारे छोटे भाग) असतात आणि गार इंजिनवर ते थोडे वाजतातच. पण टॅपेट वरून वाजतो, हलका वाजतो आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो. हा आवाज खालून होता, जड होता, प्रत्येक फेरीला होता आणि इंजिन तापेल तसा वाढत होता. बिग एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि गाडी उचलून आणली, आणि अजूनही मला वाटतं की या सगळ्या प्रकरणात घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता, कारण असं इंजिन तसंच चालवत राहिलं की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि मग बांधायला काही उरतच नाही.

तेल काढलं तर उन्हात तांबूस चमक दिसली. बेअरिंगचा वरचा मऊ थर राखाडी असतो, त्याच्याखाली तांब्याचा थर असतो, म्हणजे तेलात तांबं दिसलं की वरचा थर गेलाच असं धरायचं. चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, उतरवला आणि कारण समोरच होतं. पंपात जाणारं तेल गाळणाऱ्या ऑईल स्ट्रेनरच्या जाळीवर सिलिकॉनचे राखाडी दोरे चिकटले होते, अर्धी जाळी बंद. गाडी माझ्याकडे यायच्या आधी कधीतरी चेंबर काढून परत बसवला होता आणि बसवताना सीलंट भरभरून लावलं होतं. बाहेर जेवढं सीलंट दाबून निघतं ना तेवढंच आतही निघतं, बाहेरचं आपण पुसून घेतो, आतलं तसंच राहतं, सुकतं, गरम तेलात सुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं. तेलाचा रस्ता पंपातून गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेत), तिथून क्रँकच्या मेन बेअरिंगला आणि मग क्रँकमधल्या भोकांतून रॉड बेअरिंगला असा असतो, म्हणजे रॉडचा नंबर शेवटचा, त्यामुळे तेल कमी पडलं की पहिला मार त्यालाच. दोन नंबरचा शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) पार गेला होता, तीन नंबरचा जायच्या वाटेवर होता. इतक्या चांगल्या इंजिनाचे हाल सीलंटच्या एका जाड रेघेमुळे व्हावेत याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

इंजिनाबद्दल थोडं सांगतो कारण मला ते मनापासून आवडतं. 85 मिलिमीटर बोअर, 88 मिलिमीटर स्ट्रोक, 1997 सीसी, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड. याच इंजिनाच्या लान्सरवर टॉमी मॅकिनेनने 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षं वर्ल्ड रॅलीचं विजेतेपद घेतलं. माझी गाडी एव्हो 8, फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) 1-3-4-2, ट्विन स्क्रोल टर्बो, म्हणजे 1 आणि 4 चा एक्झॉस्ट एका वाटेने आणि 2 आणि 3 चा दुसऱ्या वाटेने टर्बाईनपर्यंत येतो, एका सिलेंडरचा धक्का दुसऱ्याच्या आड येत नाही आणि दोन लिटरचं इंजिन असूनही बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, लवकर येतो.

आता इंजिन उघडलंय म्हटल्यावर पहिला फोन मित्राचा. "अरे उघडलंच आहेस तर मोठा टर्बो टाक ना, परत परत उघडणारेस का?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हा ब्लॉक खूप ताकद सहन करतो आणि लोक त्याच्यातून स्टॉकच्या, म्हणजे कंपनीतून येते त्याच्या, दुप्पट काय तिप्पट पॉवर काढतात. पण मी गाडी चालवतो कुठे? रस्त्यावर. सकाळी गार इंजिन चालू करून दहा मिनिटांत गर्दीत, मग मोकळा रस्ता लागला की 3000 ते 5500 च्या मध्ये, आणि 7000 महिन्यातून दोनदा दिसला तर दिसला. एक हिशोब सांगतो, न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 9549 म्हणजे किलोवॅट. 3500 ला 400 न्यूटन मीटर मिळाले तर तिथेच 147 किलोवॅटच्या आसपास पॉवर हातात आहे, गिअर खाली न टाकता. मोठ्या टर्बोला 3500 ला अजून जागच आलेली नसते, त्याचा डायनोवरचा (पॉवर मोजायच्या मशीनवरचा) वरचा आकडा भारी दिसतो पण तो आकडा ज्या आरपीएमला आहे तिथे मी जातच नाही. मित्राला हे सगळं सांगितलं, तो म्हणाला बोअर माणूस आहेस, आणि मग पुढचे चार शनिवार तोच माझ्याबरोबर हात काळे करत बसला होता.

तर ठरलं की स्टॉक टर्बो ठेवायचा, आत फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन आणि रॉड टाकायचे आणि प्रत्येक माप रस्त्यासाठी निवडायचं. खरं काम त्या मापांतच आहे.

पिस्टनपासून सुरुवात करतो. फोर्ज्ड पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंत येतात, 2618 आणि 4032. 2618 मध्ये सिलिकॉन अगदी कमी, त्यामुळे तो चिवट, डेटोनेशनचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याचा (यालाच नॉक म्हणतात), मार जास्त खातो, पण तापला की जास्त फुगतो म्हणून सिलेंडरमध्ये जास्त जागा ठेवून बसवावा लागतो, आणि मग गार असताना पिस्टन भिंतीवर आपटत खडखडतो. 4032 मध्ये सिलिकॉन 12 टक्क्यांच्या आसपास, तो कमी फुगतो, घट्ट बसवता येतो. रेसच्या गाडीला 2618 ठीक, ती रोज गार चालू होत नाही आणि तिचं इंजिन ठराविक तासांनी उघडलंच जातं. मी 4032 घेतला, आणि त्याचं अजून एक कारण आहे जे मला आधी माहीत नव्हतं. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर लावलेला कान. 85 मिलिमीटरच्या बोअरमध्ये नॉकचा मुख्य सूर साधारण 6.7 किलोहर्ट्झला येतो आणि सेन्सर त्याच्या आसपासचं ऐकत असतो, पण पिस्टनचा खडखडाटही त्याला ऐकू येतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं नॉक झाला आणि तो ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो. म्हणजे पिस्टन बसवताना आवाज ठेवला तर पुढे ट्यूनिंगला बसल्यावर नसलेल्या नॉकच्या मागे दिवस घालवायचे.

बोअर करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट लावून होनिंग, म्हणजे सिलेंडरची भिंत घासून शेवटच्या मापावर आणणं, करून घेतलं, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलेंडरचा आकार किंचित बदलतो, प्लेट तोच ताण देते आणि होन त्या ताणात होतं. मशीनवाल्या काकांना मी तीनदा विचारलं, काका, प्लेट लावली ना? शेवटी त्यांनी मला बोलावून दाखवलीच. पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधला गॅप 0.45 मिलिमीटर ठेवला, टर्बोसाठी बोअरच्या प्रत्येक इंचाला 5 ते साडेपाच थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा हिशोब धरतात. कमी ठेवला तर बूस्टमध्ये रिंग तापून फुगते, दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग पिस्टनचा काठ घेऊन तुटते. गॅप जरा मोठा झाला तर थोडा ब्लोबाय (रिंगजवळून खाली निसटणारा गॅस) वाढतो, लहान झाला तर इंजिनच जातं, म्हणून शंका असेल तिथे मोठ्याकडे झुकायचं.

बेअरिंगवर तर मी पूर्ण आठवडा काढला. जुना ठोकताळा आहे, जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाएवढं क्लिअरन्स, म्हणजे मधली फट. मेन जर्नल 57 मिलिमीटर, रॉड जर्नल 45, म्हणजे 0.057 आणि 0.045 च्या आसपास. बरेच जण हे जास्त ठेवतात, सैल बेअरिंगला जास्त तेल मिळतं आणि ते थंड राहतं, पण मग जाड तेल लागतं, आणि जाड तेल गार सकाळी वर पोचायला वेळ लावतं, आणि माझी गाडी दिवसातून दोनदा गार चालू होते. मी ठोकताळ्याच्या जवळ राहिलो, म्हणजे 5डब्ल्यू-40 तेल चालतं. एका रॉडला क्लिअरन्स 0.038 येत होतं, तिथे एक शेल स्टँडर्ड आणि एक जास्त क्लिअरन्सचा असं जोडून 0.05 वर आणलं. प्लास्टिगेज (बेअरिंगमध्ये चेपून फट मोजायची प्लास्टिकची तार) पण वापरून बघितलं, ते ठीक आहे, पण बोअर गेज आणि मायक्रोमीटरवर माझा जास्त भरवसा आहे, आणि रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचवर सोडायचे नाहीत, स्ट्रेच, म्हणजे आवळल्यावर बोल्ट किती ताणला, तो मोजायचा.

नंतर बॅलन्स शाफ्ट. हे इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातला कायमचा वाद. चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाची एक थरथर असते, दोन शाफ्ट ती मारतात. काढून टाकणाऱ्यांचं म्हणणं असं की त्यांचा छोटा बेल्ट तुटला तर तो टायमिंग बेल्टमध्ये अडकतो, व्हॉल्व्हचं टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ते खरं आहे. पण तो बेल्ट वेळेवर बदलला तर तुटायचं कारण नाही, आणि तासन्‌तास गाडी चालवायची असेल तर ती थरथर स्टिअरिंगमध्ये, सीटमध्ये, आरशात सगळीकडे येते. मी शाफ्ट ठेवले. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑईल पंपाच्या पुलीवरची खूण जुळली म्हणजे मागचा शाफ्ट जुळला असं नाही, तो अर्धी फेरी उलटा असतानाही खूण जुळते. ब्लॉकच्या बाजूला एक प्लग आहे तो काढून 8 मिलिमीटर जाडीचा स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा, 60 मिलिमीटर आत गेला तर बरोबर, 20-25 वर अडला तर पुली अजून एक फेरी फिरवून परत बघायचं. माझा पहिल्या वेळी अडला. तो न तपासता बेल्ट चढवला असता तर शाफ्टनेच थरथर वाढवली असती आणि मी इंजिनचे माउंट बदलत बसलो असतो.

चेंबर बसवताना सीलंटची बारीक, सलग एक रेघ. बस.

रन-इनबद्दल, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन रुळवण्याबद्दल, जास्त लिहीत नाही. पहिल्यांदा चालू करायच्या आधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर ऑईल प्रेशर आणलं, मग चालू केलं, आयडलवर उगाच ठेवलं नाही, गाडी रस्त्यावर काढून मध्यम लोड द्यायचा आणि पाय सोडून इंजिन ब्रेक करायचं, असं आलटून पालटून. रिंग लोडनेच बसतात. साधं मिनरल तेल, 30 किलोमीटरला बदललं, मग 500 ला.

ट्यूनिंगचं बहुतेकांना वाटतं की फुल थ्रॉटलला, म्हणजे पाय पूर्ण दाबून, दोनचार पुल मारले, लॅपटॉपवर मॅप बदलला, झालं. फुल थ्रॉटल सगळ्यात सोपा भाग आहे. बूस्ट साधारण 1.4 बार, वरती 6000 नंतर हळूहळू कमी होत जाणारा, मिश्रण एक भाग पेट्रोलला 11.5 भाग हवेच्या आसपास, टायमिंग पंपावरचं पेट्रोल जेवढं सोसेल त्याच्या एक दोन डिग्री मागे. डायनोवर अजून दोन डिग्री देता आली असती पण डायनोवर समोर मोठा पंखा असतो, रस्त्यावर चढ लागतो, उन्हाळा असतो, पुढे ट्रक असतो. ती दोन डिग्री मी मुद्दाम सोडून दिली.

वेळ गेला तो अर्ध्या थ्रॉटलवर. पाय किंचित दाबला की गाडी अडखळायची, लॉगमध्ये बघितलं तर त्या अर्ध्या सेकंदात मिश्रण पातळ पडत होतं (पेट्रोल कमी), कारण मोठे इंजेक्टर टाकले होते आणि अगदी कमी वेळ उघडल्यावर ते किती पेट्रोल देतात याचे आकडे ईसीयूमध्ये अजून जुनेच होते. ते बरोबर केल्यावर निम्मी अडखळ गेली. उरलेली निम्मी ब्लोऑफ व्हॉल्व्हमुळे (पाय सोडल्यावर टर्बोची जास्तीची हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमुळे) होती. माझ्या मित्राला तो फुस्स आवाज फार आवडतो म्हणून आम्ही हवा बाहेर सोडणारा लावला होता, पण या गाडीचा एअरफ्लो मीटर हवा आत येतानाच मोजतो, मोजलेली हवा बाहेर सोडली की ईसीयू त्या गेलेल्या हवेचंही पेट्रोल देतो आणि गिअर बदलताना क्षणभर मिश्रण फार जाड होतं. हवा परत इनटेकमध्ये वळवणारा जुना व्हॉल्व्ह लावला, गाडी एकदम सुतासारखी सरळ झाली. मित्र दोन दिवस नाराज होता.

आणि गर्दीतली हीट. उभ्या गाडीत इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) तापतो, इनटेकची हवा 60 डिग्रीच्या वर जाते आणि मग मोकळा रस्ता मिळाला की पहिला जोर त्याच गरम हवेवर पडतो. ईसीयूमध्ये इनटेकच्या तापमानाप्रमाणे टायमिंग कमी करायचं टेबल असतं, ते बहुतेक जण उघडूनही बघत नाहीत. मी मुद्दाम गर्दीच्या वेळी लॅपटॉप घेऊन तीन संध्याकाळ फिरलो आणि ते एकेक खण भरलं. तीन संध्याकाळचं ते काम डायनोवरच्या वीस किलोवॅटपेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं.

बाकी भराभर. क्लच सिंगल प्लेट ऑरगॅनिक, ट्विन प्लेट गर्दीत पायाचा जीव घेतो. सस्पेन्शनचे बुश रबराचेच ठेवले, फक्त नवीन. ब्रेक पॅड रेसचे टाकू नका, ते गार असताना धरत नाहीत आणि रस्त्यावर पहिलाच ब्रेक गार असतो. ब्रेक ऑईल मात्र दर वर्षी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं, डॉट 4 नवीन असताना किमान 230 डिग्रीला उकळायला हवं, पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 वर येते. आणि ऑईल टेंपरेचरचा काटा लावा, कूलंटचा काटा मध्यावर आला तरी तेल अजून गारच असतं, 80 होईपर्यंत मी बूस्ट मागत नाही.

परवा 4000 किलोमीटर झाले. तेल बदललं, फिल्टर कापला, कागद उलगडून उन्हात धरला, प्रत्येक घडी बोटाने उघडून बघितली. काळं तेल, बाकी काही नाही. मित्राने पण उलटसुलट करून बघितला, मग खिशातून फोन काढून मला एका मोठ्या टर्बोचा फोटो दाखवला.